खुर्द्याचा हिशेब : जुन्या रणांगणांच्या खुणा



पानिपतची वार्ता नानासाहेब पेशव्यांना कशी कळली, याची हकीकत आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत ऐकली असेल. जानेवारी १७६१ मध्ये पेशवे नर्मदेच्या बाजूस होते. उत्तरेकडून येणारा एक सावकारी जासूद त्यांच्या लोकांना सापडला, आणि त्याच्याजवळच्या पत्रात माणसांऐवजी नाण्यांची भाषा होती. दोन मोती गेले म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव गेले. सत्तावीस मोहरा गेल्या म्हणजे तितके नामांकित सरदार गेले. आणि चांदी-तांब्याचा खुर्दा किती गेला त्याची मोजदाद होत नाही, असा पुढचा मजकूर होता. सावकाराने दुःखाची बातमी सावकाराच्या रीतीने लिहिली, यात त्याला दोष देण्याचे कारण नाही. परंतु आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा आमचे मन मोत्यांपाशी थांबले नाही, मोहरांपाशीही थांबले नाही. ते खुर्द्यापाशी येऊन अडकले, कारण आम्ही त्याच टाकसाळीतले.

आम्ही इतिहासाचे प्राध्यापक नव्हे, हे आरंभीच सांगितलेले बरे. दहावीच्या उंबरठ्यावर शाळा सुटली, हातात पाना आला, आणि पुढे तीस वर्षे कामगार संघटनेच्या कामात गेली. वाचन जे झाले ते नगर वाचनालयाच्या बाकावर, दुसरी पाळी नसेल त्या संध्याकाळी. ग्रँट डफ, सरदेसाई, शेजवलकर हे आमचे गुरू. पण त्यांनी आम्हांला कधी पाहिले नाही, आणि आमच्या चुकांची जबाबदारी त्यांच्यावर नाही. संघटनेच्या कामामुळे एक लाभ मात्र झाला. गेटसभांच्या निमित्ताने जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर आणि नगर रस्त्यावर आमच्या इतक्या खेपा झाल्या की, या दोन रस्त्यांवरची वळणे आम्हांला घरच्या जिन्यासारखी पाठ झाली. त्या वळणांवर तीन रणांगणे आहेत. आज त्यांच्या अंगावरून मालमोटारी धावतात. तेथे काय उरले आहे, आणि जे उरले ते कोणाचे, एवढाच प्रश्न आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

परंतु निघण्यापूर्वी पानिपताचे दर्शन घेऊ, कारण खुर्द्याची गोष्ट तेथून निघते.

काही वर्षांपूर्वी एका कामगार परिषदेसाठी आम्ही दिल्लीस गेलो होतो. परिषद संपल्यावर एक दिवस काढून पानिपतास गेलो. शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर काला आंब नावाची जागा आहे. तेथे एक आंब्याचे झाड होते आणि १४ जानेवारी १७६१ च्या रक्तपाताने त्याची पाने काळवंडली, अशी लोकांची समजूत आहे. ते झाड आज नाही. त्या जागी विटांचा एक स्तंभ उभा आहे. अलीकडे दर चौदा जानेवारीला महाराष्ट्रातून माणसे तेथे जमतात, माती कपाळाला लावतात. आम्ही गेलो तो साधा दिवस होता. भोवती शेते होती आणि शेतात माणसे वाकून काम करीत होती. रणांगण म्हणून ओळखावे असे त्या सपाट भूमीवर काही दिसत नव्हते.

परत शहरात आलो तो चहूकडे सुताचे गठ्ठे. पानिपत हे आज हातमागाचे, घोंगड्यांचे आणि सतरंज्यांचे गाव आहे. जगभरचे टाकाऊ कपडे तेथे येतात, ते फाडून त्यांचे पुन्हा सूत काढतात आणि त्या सुताची घोंगडी होतात. बिहार आणि उत्तर प्रदेशातून माणसे त्या कामासाठी येतात. अशाच एका मजुराशी चहा पिताना आम्ही बोलत बसलो. पानिपत म्हटल्यावर आमच्या मनात काय येते, ते त्याला सांगितले. तो नम्रपणे ऐकत होता, पण त्याला त्याचे फारसे काही वाटले नाही. त्याच्या गावी ‘पानिपतला गेला’ याचा अर्थ ‘कामाला लागला’ असा होतो. आमच्याकडे पानिपतात विश्वास गेला, आणि एखाद्या वेतनकरारात हार खावी लागली तर कामगार आजही म्हणतात, ‘यंदा आपले पानिपत झाले.’ रणांगण हरियाणात राहिले आणि त्याची खूण मराठी माणसाच्या जिभेवर राहिली. जमिनीवरची निशाणी पावसाने धुऊन जाते. भाषेतली जात नाही. तथापि त्या भाषेतही भाऊ आहेत, विश्वास आहे, खुर्दा नाही.

आता आपल्या रस्त्याला लागू.

बोरघाट चढून आले की कार्ले, मग वडगाव, मग तळेगाव. १७७८ च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांनी राघोबादादांना पुण्याच्या मसनदीवर बसविण्यासाठी याच वाटेने फौज काढली. लढाऊ माणसे चार हजारांच्या आत आणि सामान वाहणारे बैल सुमारे एकोणीस हजार. हा आकडा वाचून आम्ही पुस्तक मिटले आणि हिशेब करू लागलो. इतक्या बैलांना हाकण्यास माणसे किती लागली असतील? त्यांना वैरण घालणारी, पाणी दाखविणारी, ओझी चढविणारी-उतरविणारी किती? लढाईच्या वर्णनात ही माणसे ‘बाजारबुणगे’ या एका शब्दात आटोपतात. परंतु बैल थांबला की तोफ थांबते, आणि तोफ थांबली की सेनापतीची अक्कलही थांबते. फौज मुंगीच्या पावलांनी सरकत होती. इकडे मराठ्यांनी वाटेवरची गावे रिकामी करविली आणि दाणावैरण जाळून टाकली. ९ जानेवारी १७७९ रोजी इंग्रज तळेगावास पोहोचले तेव्हा तेथे खाण्यास काही नव्हते. ११ तारखेच्या रात्री त्यांनी माघार घेतली आणि जड तोफा तळ्यात ढकलून दिल्या. दुसऱ्या दिवशी वडगावाजवळ महादजी शिंद्यांच्या फौजेने त्यांना कोंडले, आणि वडगावचा तह झाला.

या विजयाचा अभिमान आपण बाळगतो आणि तो रास्तही आहे. पण गाव रिकामे करणे आणि वैरण जाळणे म्हणजे काय, हे ज्याने सुगीचे दिवस पाहिले आहेत त्यालाच कळेल. जानेवारी म्हणजे ज्वारी-हरभऱ्याचे दिवस. शत्रूला उपाशी मारण्यासाठी मावळातल्या कुणब्याने आधी आपली गंजी पेटलेली पाहिली. त्या आगीची खूण आज जमिनीत शोधून सापडणार नाही. तळेगावच्या नावात तळे आहे, आणि तळ्याच्या गोष्टीत तोफा आहेत. जळालेल्या गंज्या कोणत्याच नावात नाहीत.

वडगावच्या तहाची दुसरीही एक गंमत आमच्या व्यवसायाच्या माणसाला विसरता येत नाही. तहात साष्टीसह १७७३ पासून घेतलेला मुलूख परत देण्याचे कबूल झाले, ओलीस दिले गेले, फौज सुखरूप परतली. मग कंपनीचे म्हणणे पडले की, सही करणाऱ्यांना असा करार करण्याचा अधिकारच नव्हता! गेटवर उपोषण सुटेपर्यंत एक अधिकारी सही करतो आणि आठ दिवसांनी मुख्य कचेरीतून पत्र येते की त्याला अधिकार नव्हता, हा अनुभव आम्ही पुष्कळदा घेतला आहे. ही युक्ती आजची नाही, एवढे समाधान इतिहासाने दिले.

या लढाईतली एक खूण मात्र जिवंत आहे. कॅप्टन स्टुअर्ट नावाचा इंग्रज अधिकारी त्या जानेवारीत कार्ल्याजवळ तोफेच्या गोळ्याने पडला. तो शूर होता, म्हणून मराठ्यांनीच त्याला ‘इष्टूर फाकडा’ म्हटले. वडगावात त्याची समाधी आहे, आणि मावळातल्या माणसांनी तिला देवाचा मान दिला. शत्रूच्या अधिकाऱ्याला नवस बोलणारी ही आपली माणसे! त्यांना राजकारण कळत नव्हते असे कोणी म्हणेल. आम्हांला वाटते, त्यांना एक गोष्ट नेमकी कळत होती : मेलेल्या माणसाचे वैर पुढे चालवू नये, आणि ज्याचे दिवसवार करण्यास येथे कोणी नाही त्याला आपल्या पंक्तीस घ्यावे.

पण त्याच मावळात, आणि महाराष्ट्रात गावोगाव, मारुतीच्या पाराशी किंवा शिवालयाच्या ओवरीत दगडी शिळा उभ्या असतात, त्यांना आपण वीरगळ म्हणतो. खालच्या चौकटीत माणूस लढताना किंवा पडलेला दिसतो. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात. वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो. माथ्यावर चंद्रसूर्य असतात. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला असे वीरगळ आहेत, त्यांवर तर जहाजांची लढाई कोरलेली आहे. कोणी गावाची गुरे सोडविताना मेला असेल, कोणी वेस राखताना मेला असेल. त्याच्या लढाईला इतिहासाच्या पुस्तकात ओळ नाही. गावाने त्याच्यासाठी दगड घडविला, त्याचा चेहरा कोरला. पण आपल्याकडील बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. गावातल्या प्रत्येकाला तो कोण हे ठाऊक होते, मग लिहावयाचे कशाला? चार पिढ्या गेल्या आणि ठाऊक असणारी माणसे संपली. आज कोणी त्याला शेंदूर फासतो, कोणी त्यावर कपडे धुतो. चेहरा उरला, नाव गेले. गोष्ट सर्वांना ठाऊक असते तेव्हाच ती लिहून ठेवली पाहिजे, हा धडा आम्ही प्रथम वीरगळापाशी शिकलो. पुढे तो कारखान्यातही उपयोगी पडला. ते यथाकाल सांगू.

वडगाव सोडून पुण्याकडे आलो की खडकी लागते. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी गणेशखिंड आणि खडकी यांच्यामधल्या मैदानात पेशव्यांची फौज आणि इंग्रजांची फौज समोरासमोर आली. एल्फिन्स्टन संगमावरची रेसिडेन्सी सोडून खडकीच्या फौजेला जाऊन मिळाला होता, आणि मागे रेसिडेन्सी जळत होती. बाजीराव पर्वतीवर होते. बापू गोखल्यांनी घोडदळ सोडले. पण इंग्रजी पलटणीच्या पुढ्यात दलदल होती. त्या चिखलात घोडी रुतली, एकमेकांवर पडली आणि हल्ला मोडला. जरीपटका घेऊन निघालेले मोर दीक्षित कामास आले. बारा दिवसांनी, १७ नोव्हेंबरला, शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले.

हे मैदान आज शोधू गेले तर काय दिसते? गणेशखिंडीत पुढे गव्हर्नरसाहेबांचा बंगला झाला आणि १९४९ पासून तेथे विद्यापीठ आहे. १८५८ मध्ये खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत रेल्वे झाली, तिचे रूळ खडकीवरून गेले. छावणी वसली. चांदमारीच्या टेकड्यांना ‘रेंज हिल्स’ हे नाव पडले, ते अजून आहे. १८६९ मध्ये खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला. पिढ्यान् पिढ्या माणसे त्याच्या भोंग्यावर उठली. १ ऑक्टोबर २०२१ पासून सरकारने देशातल्या आयुध निर्माण्यांच्या सात कंपन्या केल्या, त्यांपैकी एकीकडे हा कारखाना गेला. दलदलीची ओल इमारतींखाली आणि रस्त्यांखाली दबून गेली आहे. परंतु रणांगण म्हणून त्या जागेचा धंदा खरोखर संपला, असे म्हणवत नाही. ज्या मैदानावर गोळे पडले, त्याच्याच कडेला गोळे तयार होऊ लागले.

हा योगायोग नव्हे. लष्कराचा तळ कोठे पडतो? जेथे नदीचे पाणी आहे, सपाटी आहे, वाट आहे आणि जवळ बाजार आहे तेथे. कारखान्यालाही नेमके हेच लागते. म्हणूनच आमच्या गेटसभा आणि जुन्या लढाया पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी गाठ घेतात. नदी, खिंड आणि घाट या रणांगणाच्या सर्वांत टिकाऊ खुणा होत, कारण त्या कोणी उभारलेल्या नाहीत आणि म्हणून कोणी पाडूही शकत नाही.

खडकीत आजही एल्फिन्स्टन रस्ता आहे. आणि त्याच रस्त्यावर संरक्षण खात्यातल्या कामगारांच्या फेडरेशनची कचेरी आहे, तिला एस. एम. जोशी यांचे नाव आहे. जिंकणाऱ्याचे नाव रस्त्याला आणि कामगारांच्या पुढाऱ्याचे नाव वास्तूला, हे शेजार आम्हांला फार बोलके वाटते. जमीन कोणा एकाच्या नावावर कायमची राहत नाही, एवढे तरी त्यातून दिसते.

खडकीच्या लढाईविषयी आणखी एक गोष्ट सांगावयाची आहे. इंग्रजांच्या बाजूचे मेलेले आणि जखमी मिळून ८६ असा आकडा मिळतो. पेशव्यांच्या बाजूचे ‘सुमारे पाचशे’. एका बाजूला शहाऐंशी आणि दुसऱ्या बाजूला सुमारे! हा ‘सुमारे’ शब्द फार दिवस आमच्या मनात खुपत राहिला. त्या ‘सुमारे’मध्ये कदाचित चाळीस माणसे जास्त असतील, कदाचित चाळीस कमी. चाळीस घरांत चूल पेटली की विझली, हे त्या एका शब्दावर अवलंबून आहे. पानिपतच्या पत्रातला खुर्दा तो हाच.

याच खडकीत दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांची एक दफनभूमी आहे. सोळाशेंहून अधिक थडगी आहेत, हिरवळ राखलेली आहे, आणि सर्व शिळा एका मापाच्या आहेत. अधिकारी असो की साधा शिपाई, दगड सारखाच आणि त्यावर नाव. साम्राज्याने जिवंतपणी जी समता दिली नाही ती मेल्यावर दिली, असे कोणी उपहासाने म्हणेल. तरीही त्या रांगांतून चालताना आम्ही टोपी हातात घेतो. प्रत्येकाला एक दगड आणि प्रत्येकाला एक नाव, ही रीत ज्याने प्रथम धरली त्याने माणसाला खुर्दा समजण्याचे निदान एका जागी तरी नाकारले.

आता नगर रस्त्याने पुढे जाऊ. पुण्यापासून तिसेक किलोमीटरवर भीमा नदी ओलांडावी लागते. नदीच्या अलीकडे पेरणे गावच्या हद्दीत दगडी जयस्तंभ आहे आणि पलीकडे कोरेगाव. १ जानेवारी १८१८ रोजी कॅप्टन स्टाँटन याच्या हाताखालची सुमारे आठशे माणसांची तुकडी शिरूरहून पुण्याकडे येत असता येथे पेशव्यांच्या फौजेशी गाठ पडली. पेशव्यांची फौज कितीतरी पटींनी मोठी होती. प्रत्यक्ष गावात घुसून लढले ते मुख्यतः अरब शिपाई. दिवसभर गावाच्या गल्ल्यांतून लढाई चालली. नदी हाकेच्या अंतरावर, आणि कंपनीच्या शिपायांना पिण्यास पाणी नाही. रात्री पेशव्यांची माणसे मागे हटली. दुसऱ्या रात्री स्टाँटनही शिरूरकडे परत फिरला. कोणी निर्णायक जिंकले असे या लढाईविषयी म्हणता येणे अवघड आहे. पण गाव इंग्रजांनी धरून ठेवले, आणि पेशवाई त्या वर्षी बुडाली. १८२१ मध्ये कंपनीने या स्तंभाची कोनशिला बसविली.

हा स्तंभ जेत्याने आपल्या विजयासाठी उभारला, यात शंका नाही. परंतु त्यावर इंग्रजीबरोबर मराठीतही मजकूर आहे, आणि त्यात कामी आलेल्यांची नावे आहेत. मृतांच्या यादीत एकोणपन्नास नावे, त्यांपैकी बावीस नावांच्या शेवटी ‘नाक’. ‘नाक’ ही महार शिपायाच्या नावाची ओळख. ज्याला गावात वेशीबाहेर राहावे लागे, ज्याची सावली टाळली जाई, त्याचे नाव दगडावर कोरले गेले. शेजारी मराठा आहे, मुसलमान आहे. सारी एका दगडावर, एका मापाच्या अक्षरांत.

ही नावे कोणी जपून ठेवली? कंपनीला शिपायाची माया आली होती, असे समजण्याइतके भोळे कोणी येथे नसेल. कंपनी व्यापारी होती. ती पगार डोकी मोजून देत असे आणि डोकी मोजण्यासाठी तिला हजेरीपट ठेवावा लागे. आपल्याकडे पथक सरदाराच्या नावावर मोजले जाई : अमक्याचे पाचशे, तमक्याचे हजार. सरदाराला सरंजाम मिळे आणि माणसे त्याची. आजच्या भाषेत बोलावयाचे तर तो ठेकेदार. मोठ्या मालकाच्या दप्तरात ठेकेदाराचे नाव असते, कामगाराचे नसते. पेशवे दप्तरात घोड्यांचा रंग आणि खूण टिपलेली हजेरी मिळते. घोडा महाग होता. अशा व्यवस्थेत पगार तुंबला की शिपायाजवळ एकच उपाय असे, सरदाराच्या दाराशी धरणे धरून बसावयाचे. दौलतराव शिंद्यांच्या छावणीत शिपायांनी पगारासाठी धरलेल्या धरण्यांची हकीकत १८०९ साली एका इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवली आहे. आमचे धरणे काही परदेशातून आलेले नाही, ते त्या छावणीतून आले आहे.

आणि नाव लिहिलेले असले म्हणजे काय होते, तेही कोरेगावनेच दाखविले. १८९२-९३ च्या सुमारास इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. लढाऊ जाती निराळ्या, असे शास्त्र तेव्हा काढण्यात आले होते. ज्यांच्या बळावर राज्य मिळविले त्यांनाच लढाऊ नाहीत म्हणून सांगितले. तेव्हा गोपाळबाबा वलंगकर आणि पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज केले आणि आपल्या वाडवडिलांच्या लष्करी चाकरीचे दाखले पुढे केले. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोरेगावास आले. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली आणि तिच्या पहिल्या बिल्ल्यावर हाच स्तंभ होता. मालकाने आपल्या विजयाची खूण म्हणून दगड उभारला. त्यावरच्या यादीने शंभर वर्षांनी शिपायाच्या नातवाला हक्काचा पुरावा दिला. दगड कोणी उभारला याच्याइतकेच तो पुढे कोण वाचतो, हेही महत्त्वाचे आहे.

या जागेवरचे निखारे अजून विझलेले नाहीत. १ जानेवारी २०१८ रोजी, लढाईला दोनशे वर्षे झाली त्या दिवशी, या परिसरात हिंसाचार झाला आणि एका तरुणाचा जीव गेला. ३ तारखेला महाराष्ट्र बंद होता. कारखाने पुन्हा सुरू झाल्यावर आम्ही नगर रस्त्यावर गेटसभेला गेलो. रोज एका बसने येणारी माणसे दोन ठिकाणी उभी होती, मध्ये दहा पावलांचे अंतर. आमचे लिहून आणलेले भाषण खिशातच राहिले. आम्ही एवढेच विचारले, ‘त्या लढाईत आपल्यापैकी कोणाचा पणजोबा सरदार होता?’ कोणीच हात वर केला नाही. मग म्हणालो, ‘म्हणजे दोन्ही बाजूंनी जे पडले त्यांतच आपले कोणी असेल तर असेल.’ त्या दिवशी ते दहा पावलांचे अंतर पुरते मिटले असे सांगितले तर ती बढाई होईल. दोघेचौघे सरकले. बाकीचे वेळ लागून सरकले, काही अजून सरकले नाहीत. पण स्तंभावरची नावे वाचावयास त्यांतले काही जण पुढे आमच्याबरोबर आले, आणि एक तरुण वाचून झाल्यावर म्हणाला, ‘समोरच्यांची नावे कुठं आहेत?’ त्या अरब शिपायांची नावे कोठेच कोरलेली नाहीत. ज्या गावकऱ्यांच्या घरांतून लढाई झाली त्यांचीही नाहीत. त्या तरुणाने विचारलेला प्रश्न आम्ही वाचलेल्या बऱ्याच पुस्तकांना सुचलेला नव्हता.

आता वीरगळापाशी राहिलेली गोष्ट सांगतो आणि आटोपतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी, याच पट्ट्यातल्या एका कारखान्यात एक कंत्राटी मजूर ओझे कोसळून मेला. कारखान्याचे नाव घेण्याचे कारण नाही, तसे कारखाने पुष्कळ आहेत. त्याची बायको लातूरकडची. पदरात दोन मुली. नुकसानभरपाईचा अर्ज केला तेव्हा व्यवस्थापनाने सांगितले की, हा आमचा नव्हे, ठेकेदाराचा. ठेकेदाराने हजेरीपट दाखविला, त्यात त्याचे नाव नव्हते. मनुष्य कामावर मेला होता, आणि कागदाच्या दृष्टीने तो तेथे कधी आलाच नव्हता. साथीदारांना साक्षीस या म्हटले तर त्यांची पोटे ठेकेदाराच्या हातात.

तेव्हा गेटसमोरच्या टपरीवाल्याची आठवण झाली. तो उधारीची वही ठेवी. आम्ही ती मागितली, त्याने काही न बोलता दिली. चौदा महिने, आठवड्याच्या सहा दिवसांत, दोन चहा आणि एक पाव, असे त्या मजुराच्या नावापुढे मांडलेले होते. अक्षर वेडेवाकडे, शाई चहाने पुसटलेली. पण त्या वहीत त्याचे नाव होते, त्याच्या बापाचे नाव होते, कारण त्याच नावाचे दोघे त्या गेटवर होते. त्या वहीवर आणि टपरीवाल्याच्या साक्षीवर प्रकरण उभे राहिले. तीन वर्षे लागली, पण बाईंना भरपाई मिळाली. पैसे घेऊन बाहेर आल्यावर त्यांनी पैशाविषयी काही विचारले नाही. त्या म्हणाल्या, ‘दादा, ती वही मला एकदा बघू द्या.’ त्यांना वाचता येत नव्हते. आम्ही त्यांचे बोट धरून नावावर ठेवले.

त्या दिवसापासून रणांगणांकडे पाहण्याची आमची दृष्टी पालटली. स्तंभ कोणाचा उंच, विजय कोणाचा मोठा, यात आता तितकेसे मन रमत नाही. एकच प्रश्न विचारावासा वाटतो : येथे नाव लिहिण्याची वही कोणी ठेवली होती काय? पानिपतावर ती बुडाली. वडगावास एका फाकड्याचे नाव राहिले. वीरगळावर चेहरा राहिला. खडकीत ‘सुमारे’ राहिले. कोरेगावी निम्मी वही राहिली, एका बाजूची. पानिपत सोडले तर एका दिवसाच्या एस. टी. प्रवासात हे सारे पाहता येते, आणि त्यासाठी विद्यापीठाची पदवी लागत नाही.

म्हणून आपणांस दोन विनंत्या. पहिली अशी की, आपल्या गावी वीरगळ असेल, पडकी गढी असेल, ज्याला लोक ‘लढाईचे शेत’ म्हणतात असे एखादे शिवार असेल, तर या सुट्टीत तेथे जा, आणि गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडून त्याविषयी ऐकाल ते तारीख घालून लिहून ठेवा. उद्या तेथे रस्ता रुंद होईल, भूखंड पडतील, आणि दगड कोणाच्या तरी बागेत शोभेसाठी जाऊन बसेल. दुसरी विनंती लहान आहे. आपल्या घराला, सोसायटीला, कारखान्याला ज्यांचे हात लागतात, त्यांची नावे विचारा आणि टिपून ठेवा. पूल झाला की उद्घाटकाची पाटी लागते. पुलाखाली काम करताना जो मेला त्याची लागत नाही. ती लागेपर्यंत निदान कोणाच्या तरी वहीत तो असावा.

तो टपरीवाला आता हयात नाही. त्याची वही आम्ही आमच्या कचेरीतल्या कपाटात ठेवली आहे, सरदेसायांच्या रियासतीशेजारी.